एएचयू कंट्रोलरचे अलार्म कसे लावायचे आणि फॉल्ट कसा शोधायचा, खाऱ्या हवेत काम करणाऱ्यांसाठी

गणपतीपुळे ते तारकर्ली हॉटेलं वाढली, रत्नागिरी चिपळूणकडे हॉस्पिटलांत एसी ओटी झाल्या, मासळीचे प्लांट, आंब्याच्या पल्पचे प्लांट, मोठे हॉल, सगळीकडे आता एएचयू (एअर हँडलिंग युनिट, म्हणजे हवा गाळून थंड करून डक्टमधून फेकणारं मशीन) आहे आणि प्रत्येक एएचयूच्या पॅनलमध्ये एक छोटा कंट्रोलर बसलेला आहे. बसवणारी माणसं मुंबई पुण्यावरनं येतात, चालू करून देतात आणि जातात. मागे राहतो तो मेंटेनन्सवाला, ज्याला एसी कळतो, वायरिंग कळतं, पण कंट्रोलरच्या मेनूत शिरायची भीती वाटते. हे सगळं त्याच्यासाठी लिहितोय.

मूळ अडचण अशी की बऱ्याच कंट्रोलरची फॅक्टरी सेटिंगं थंड देशांच्या हवेसाठी केलेली असतात. ती तशीच ठेवली की मिरगाचा पाऊस लागल्यापासून हूटर दिवसरात्र वाजत राहतो, मग रात्रीचा पोरगा फोन करतो, "दादा, हूटर परत वाजतोय, बंद करून ठेवू काय?" आणि आपण झोपेत हो म्हणतो. एकदा हूटरची वायर काढली की ती परत कोणी लावत नाही, आणि मग ज्या दिवशी खरोखर बेल्ट तुटतो त्या दिवशी कोणाला कळत नाही, कळतं ते डॉक्टर ओटीत घामाघूम झाल्यावर. म्हणून आधी अलार्म नीट लावायचे, फॉल्ट शोधायचं नंतर बघू.

आधी कागद

कंट्रोलरला हात लावायच्या आधी पॉइंट लिस्ट काढा. कोणत्या टर्मिनलला काय आलंय, फॅनचं स्टेटस कुठून येतंय, फिल्टरचा डीपी स्विच (दोन बाजूंच्या हवेच्या दाबातला फरक ओळखणारा) कुठे, सेन्सर कोणत्या जातीचा, फायर पॅनलची वायर कोणती. ड्रॉइंग असेल तर उत्तम पण ड्रॉइंगवर विश्वास ठेवू नका, वायर हाताने पकडून बघा कारण साइटवर शेवटच्या दिवशी बरंच बदललेलं असतं. मग प्रत्येक अलार्मपुढे तीन गोष्टी लिहा: हा वाजला तर जाणार कोण, जाऊन करणार काय, आणि किती वेळात. ज्याच्यापुढे काही लिहिता येत नाही तो अलार्म नाही, ती नुसती नोंद आहे, तिला लॉगमध्ये टाका आणि हूटरवरून काढा. हे पटत नसेल तर बघा, मोठ्या केमिकल प्लांटसाठी ईईएमयूए १९१ नावाचं मार्गदर्शक आहे, त्यात एका ऑपरेटरला सरासरी दर १० मिनिटाला एक अलार्म इथपर्यंत ठीक मानलंय, आणि तो माणूस दिवसभर स्क्रीनसमोरच बसलेला असतो. आपल्याकडचा रात्रीचा माणूस पंप बघतो, जनरेटर बघतो, गेस्टचा गिझर पण बघतो. त्याला रात्रीतून एकदोन अलार्म आले तरच तो उठून जाईल.

वर्ग तीनच ठेवा, जास्त केले की कोणाच्या लक्षात राहत नाहीत. पहिला, मशीन थांबवणारा आणि हाताने रीसेट केल्याशिवाय न सुटणारा: फायर, फॅन ट्रिप. दुसरा, मशीन चालू राहील पण आज बघायला हवं: सेन्सर तुटला, सप्लाय टेंपरेचर खूप लांब गेलं. तिसरा, या आठवड्यात बघा: फिल्टर.

फॅनचा अलार्म

सगळ्यात महत्त्वाचा हाच आणि सगळ्यात जास्त चुकीचा लावलेलाही हाच. बरेच जण फॅनचं स्टेटस व्हीएफडीच्या (मोटरचा स्पीड कमीजास्त करणाऱ्या ड्राइव्हच्या) रन रिलेवरून घेतात. व्हीएफडी रन म्हणजे मोटर फिरतेय एवढंच, बेल्ट तुटला तरी मोटर मजेत फिरते, स्क्रीनवर फॅन हिरवा दिसतो आणि डक्टमध्ये हवा शून्य. बेल्टवाल्या फॅनला डीपी स्विच फॅनच्या आधी आणि नंतर लावा, किंवा करंट रिले लावून त्याची खालची मर्यादा सेट करा, कारण बेल्ट तुटला की मोटरचा करंट एकदम खाली येतो. डायरेक्ट ड्राइव्ह असेल तर रन रिलेवर निभावतं, तरी मी डीपी सोडत नाही.

डीले किती? कमांड दिल्यावर फॅन स्पीड घ्यायला वेळ लागतो, व्हीएफडीचा रॅम्प ३० सेकंदाचा असेल तर अलार्मचा डीले ६० ठेवा. चालू असताना स्टेटस गेलं तर १० ते १५ सेकंद पुरे. काही कंट्रोलरमध्ये हे दोन डीले वेगळे देता येतात, काहींमध्ये एकच असतो, एकच असेल तर मोठा आकडा द्या.

फिल्टर

नवीन फिल्टर टाका, फॅन पूर्ण स्पीडला न्या, मॅनोमीटरने फिल्टरवरचं प्रेशर मोजा आणि तो आकडा मार्करने फिल्टरच्या दारावर लिहा. सेटिंग करताना तो आकडा समोर ठेवा. साधा पॅनल फिल्टर असेल तर १५० ते २०० पास्कल, बॅग किंवा फाइन फिल्टर असेल तर साधारण २५० पास्कलला अलार्म, हेपाला (सगळ्यात बारीक गाळणारा फिल्टर) मात्र फिल्टर बनवणाऱ्याने दिलेला आकडाच घ्या. फॅन हळू चालत असेल तर प्रेशर पण खाली येतं, म्हणजे व्हीएफडी ३० हर्ट्झवर असताना फिल्टर गच्च भरलेला असला तरी स्विच पडणार नाही. म्हणून आठवड्यातनं एकदा फॅन फुल स्पीडला नेऊन बघायचं, किंवा शेड्यूलमध्ये सकाळची १० मिनिटं फुल स्पीड टाकून द्यायची.

आपल्याकडे फिल्टरचे दोन सीझन असतात. एप्रिल मे मध्ये जांभ्याची लाल धूळ, बाजूला बांधकाम चालू असेल तर विचारूच नका. आणि पावसाळ्यात फ्रेश एअरच्या तोंडातून भिजलेली हवा येते, फिल्टर ओला होतो आणि प्रेशर चढतं, वाळला की परत उतरतं. त्यासाठी फिल्टर अलार्मला ५ ते १० मिनिटांचा डीले द्या, नाहीतर प्रत्येक सरीला वाजेल. आणि लूव्हरमधून (फ्रेश एअरच्या तोंडावरच्या तिरक्या पट्ट्यांतून) पाणी थेट आत येत असेल तर डीले वाढवून काही होणार नाही, लूव्हर बदला.

टेंपरेचर आणि दमटपणा

सप्लाय टेंपरेचरचा अलार्म सेटपॉइंटपासून किती लांब गेलं यावर लावा, आकडा ठोकून देऊ नका. ४ डिग्री फरक आणि २० ते ३० मिनिटं डीले ही माझी सुरुवात असते, मग साइट बघून कमीजास्त. अट घालायची ती फॅन चालू असेल तेव्हाच, आणि चिलर (कॉइलसाठी पाणी थंड करणारं मशीन) चालू असेल तेव्हाच. ही अट नसेल तर रोज सकाळी चिलर चालू व्हायच्या आधी अलार्म येणार. डेडबँड पण द्या, म्हणजे २८ ला अलार्म आला तर तो २७ ला सुटला पाहिजे, २७.९ ला सुटून २८ ला परत आला तर रात्रभर तेच चालेल.

दमटपणाचा अलार्म लावताना जरा थांबून हिशोब करा. जुलैत बाहेर ३० डिग्री आणि ८५ टक्के असेल तर त्या हवेचा दवबिंदू २७ च्या आसपास असतो, म्हणजे २७ पेक्षा थंड कुठल्याही पत्र्यावर पाणी धरणार. आता खोलीत तुम्हाला २४ डिग्री आणि ६० टक्के हवंय, त्या हवेचा दवबिंदू येतो जवळजवळ १६. कॉइलमधून बाहेर पडणारी हवा १८ डिग्रीची आणि पूर्ण भिजलेली असेल तर तिचा दवबिंदू १८ च राहिला, ती खोलीला ७० टक्क्यांच्या खाली आणूच शकत नाही. तरी लोक वीज वाचवायला सप्लायचा सेटपॉइंट १८ करतात आणि मग आरएचचा (दमटपणाच्या टक्क्यांचा) अलार्म रोज येतो म्हणून त्याची मर्यादा ७० वरून ८० करतात. असं करू नका, अलार्म खरं सांगतोय, सेटपॉइंट १२-१३ वर आणा, थंडी जास्त वाटली तर रीहीट द्या (थंड झालेली हवा परत थोडी गरम करा) किंवा हवा कमी करा, आणि फ्रेश एअरचा डँपर (हवेची झडप) गरजेपेक्षा जास्त उघडा आहे का ते बघा. गाद्यांना वास येणं, भिंतींना बुरशी, हे सगळं इथून सुरू होतं आणि नंतर कितीही रंग मारला तरी जात नाही.

फ्रॉस्टचा अलार्म मेनूत चालू असेल तर बंद करा. नुसती थंड पाण्याची कॉइल असेल तर मालवणात ती बाहेरच्या हवेने गोठायची नाही. पण बऱ्याच कंट्रोलरला फ्रॉस्ट थर्मोस्टॅटसाठी टर्मिनल असतं आणि तिथे वापरात नाही म्हणून जंपर मारलेला असतो, तो जंपर गंजून ढिला झाला की भर मे महिन्यात फ्रॉस्ट अलार्म येतो, डँपर बंद होतो, फॅन थांबतो आणि कोणाला काही सुचत नाही. फंक्शनच सॉफ्टवेअरमधून काढून टाका. डीएक्स युनिटच्या (ज्यात पाण्याऐवजी थेट गॅस फिरतो) कॉइलवर बर्फ धरतं ते वेगळं प्रकरण, तिथे हवा कमी पडते किंवा गॅस कमी असतो, त्याचं संरक्षण मात्र काढू नका.

फायर

याला डीले नाही, ऑटो रीसेट नाही, आणि बायपास तर कधीच नाही. फायर पॅनलचा कॉन्टॅक्ट नॉर्मली क्लोज्ड घ्या, म्हणजे वायर तुटली तरी एएचयू थांबेल. आगीचा सिग्नल आला की एएचयू बंद झाला पाहिजे आणि फायर डँपर मिटले पाहिजेत. बेसमेंट पार्किंग असेल तर नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ प्रमाणे तिथली हवा एरवी तासाला ६ वेळा आणि आगीच्या वेळी १२ वेळा बदलली गेली पाहिजे, म्हणजे तिथले फॅन फायर सिग्नलवर थांबायचे नाहीत, उलट फुल स्पीडला जायचे. हे दोन्ही एकाच फायर रिलेवर जोडलेले मी पाहिलेत. फायरवाल्याला सोबत घेऊन वर्षातनं एकदा डिटेक्टर खरोखर ट्रिप करून बघा की काय थांबतं आणि काय चालू होतं.

लाईट जाणं येणं

पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते ते मी सांगायला नको. प्रत्येक वेळी जनरेटरवर चेंजओव्हर होईपर्यंत सगळे फॅन थांबतात आणि कंट्रोलर परत उठला की एकदम सगळे अलार्म ओकतो. यावर उपाय दोन. कंट्रोलरला छोटा यूपीएस द्या, त्याला फार वॅट लागत नाहीत. आणि पॉवर आल्यावर पहिली २-३ मिनिटं फायर सोडून बाकीचे अलार्म अडवून ठेवायचं सेटिंग बहुतेक कंट्रोलरमध्ये असतं, ते चालू करा. सगळे एएचयू एकदम चालू होऊ देऊ नका, ३०-३० सेकंदाचं अंतर टाका, जनरेटर वाचेल.

घड्याळाची बॅटरी पण बघा. बटणासारखी असते, ती मेली की लाईट गेल्यावर कंट्रोलर कधी कधी थेट २००० सालात जातो, शेड्यूल गडबडतं, रात्री दोनला हॉलचा एएचयू चालू आणि लॉगवरच्या वेळा बिनकामाच्या. शेड्यूल चुकतंय अशी तक्रार आली की आधी तारीख बघा.

मोबाईलवर अलार्म येतो ते चांगलंच आहे पण त्याच्यावर विसंबू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली पट्ट्यात लाईट आणि मोबाईल दोन्ही कितीतरी दिवस नव्हते. पॅनलवरचा हूटर आणि लाल दिवा पाहिजेच. कॉमन अलार्मचा रिले असा जोडा की सगळं ठीक असताना तो ओढलेला राहील आणि कंट्रोलर मेला की सुटेल, आणि हूटर वेगळ्या बॅटरीवरच्या सप्लायवर द्या.

आता फॉल्ट

हूटर वाजला की हात रीसेटकडे जातो, तिथेच थांबा. आधी अलार्म लिस्टचा फोटो काढा, वेळेसकट. पोरांना पण हीच सवय लावा, "बंद करू काय" विचारण्याआधी फोटो. मग सगळ्यात वरचा नाही तर सगळ्यात आधी आलेला अलार्म शोधा. समजा लिस्टमध्ये सहा ओळी आहेत, रूम आरएच जास्त, सप्लाय टेंपरेचर जास्त, डक्ट प्रेशर कमी, फॅन फॉल्ट वगैरे, आणि तळाला २ वाजून १० मिनिटांनी व्हीएफडी ट्रिप. बाकीच्या पाच ओळी त्याच्या पोटातून आल्यात, त्यांच्यामागे धावू नका.

दुसरी गोष्ट, अलार्म खरा आहे का हे स्वतःच्या हातापायाने तपासा. स्क्रीन म्हणते हवा नाही, तर ग्रिलखाली हात धरा. स्क्रीन म्हणते सप्लाय ३५ डिग्री, तर डक्टला हात लावा. खरा असेल तर मशीनकडे जा, खोटा असेल तर सेन्सर आणि वायरिंगकडे.

सेन्सर तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. कंट्रोलरवरून दोन्ही वायरी सोडवा आणि रेझिस्टन्स मोजा. पीटी १००० असेल तर ० डिग्रीला १००० ओम आणि २५ ला साधारण १०९७, प्रत्येक डिग्रीला ३.८५ ओम वाढतात. एनटीसी १०के असेल तर २५ ला १० हजार, आणि गरम झाला की कमी होतो, ३० ला ८ हजारांच्या आसपास. त्यामुळे वायर तुटली की पीटी खूप गरम दाखवतो आणि एनटीसी खूप थंड, शॉर्ट झाली की बरोबर उलटं. नवीन सेन्सर लावल्यावर आकडा भलताच येत असेल तर मेनूत सेन्सरची जात बघा, पीटीच्या जागी एनटीसी निवडलेला असतो. लांब केबलचं पण लक्षात ठेवा: ०.७५ स्क्वेअर मिलिमीटरची ५० मीटर केबल जाऊन येऊन २.३ ओम देते, पीटी १००० ला त्याने अर्ध्या डिग्रीहून थोडा जास्त फरक पडतो पण पीटी १०० ला ६ डिग्री, म्हणून पीटी १०० दोन वायरीवर लांब ओढू नका. ४ ते २० मिलिअँपवाला ट्रान्समीटर असेल तर ३.६ च्या खाली म्हणजे वायर किंवा ट्रान्समीटर गेला, २१ च्या वर पण तेच.

सगळ्यात त्रास देतो तो मात्र अलार्म न देणारा फॉल्ट, आणि खाऱ्या दमट हवेत तो फार दिसतो. डक्ट सेन्सरच्या डोक्याचं झाकण उघडा, झाकणाच्या आतल्या बाजूला दवासारखे थेंब, टर्मिनलच्या स्क्रूभोवती हिरवी पूड, वायरीचं तांबं काळं पडलेलं. हे होतं कसं तर फॉल्स सीलिंगमधली गरम दमट हवा कंड्यूटमधून त्या डोक्यात शिरते, डोकं बसलंय थंड डक्टवर, पाणी धरलंच. मीठ आणि पाणी मिळून दोन टर्मिनलच्या मध्ये बारीक रस्ता तयार होतो. समजा तो १ लाख ओमचा आहे. पीटी १००० च्या समांतर तो आला की १०९७ चे १०८५ होतात, म्हणजे रीडिंग ३ डिग्री कमी. एनटीसीला १० हजारांचे ९१०० होतात, रीडिंग २ डिग्री जास्त. दोन्ही आकडे अगदी शक्य वाटणारे, त्यामुळे कंट्रोलरला काही संशय येत नाही, तो व्हॉल्व्ह चुकीचा चालवत राहतो आणि तुम्ही चिलरला दोष देत राहता.

हा पकडायची युक्ती: रात्री फ्रेश एअर डँपर बंद करा, थंड पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद, फॅन चालू ठेवून अर्धा पाऊण तास थांबा. आता रिटर्न, मिक्स आणि सप्लाय तिन्ही सेन्सरनी जवळजवळ सारखंच दाखवायला पाहिजे, सप्लाय फॅनच्या उष्णतेमुळे एखाद डिग्री जास्त. जो वेगळा पडेल त्याचं झाकण उघडा. तिन्ही नीट असूनही सप्लाय थंड येत असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, म्हणजे एका चाचणीत दोन गोष्टी कळतात.

दुरुस्ती करताना हिरवी झालेली वायर नुसती घासून परत लावू नका, पुढचा भाग कापा, चकचकीत तांबं लागेपर्यंत सोला, टिन केलेला फेरूल (वायरीच्या टोकावर बसणारी धातूची नळी) क्रिंप करा. कंड्यूटचं तोंड आतून पुट्टीने बंद करा, केबल डोक्याच्या खालून आत घ्या आणि आत यायच्या आधी खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथून टपकेल. सिलिकॉन वापरत असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्यातलं ॲसिड तांब्याला खातं, न्यूट्रल लिहिलेलं मागा.

डीपी स्विचचं बघू. फिल्टर अलार्म कधीच येत नाही तर नळ्या उलट्या असतील, प्लस फिल्टरच्या आधी आणि मायनस नंतर. नळीत पाणी साठलं तरी स्विच खोटं बोलतो, म्हणून स्विच नळीच्या तोंडापेक्षा वर लावा. चाचणी सोपी आहे, फिल्टरवर प्लॅस्टिकचा कागद थोडा थोडा सरकवा, अलार्म आला पाहिजे. नळीत तोंडाने जोरात फुंकू नका, पडदा फाटतो.

डँपरचं मुख्य दुखणं गंज. ॲक्च्युएटर फिरतो, फीडबॅक १० व्होल्ट दाखवतो, पण शाफ्टवरचा क्लॅम्प घसरलाय आणि पाती जागची हललेली नाहीत. शाफ्टच्या टोकाला पात्याच्या दिशेने मार्करने रेघ मारून ठेवा, पुढच्या वेळी बाहेरून कळेल. ॲक्च्युएटर बदलायच्या आधी त्याचं बटण दाबून हाताने डँपर फिरवून बघा, जड जात असेल तर नवा ॲक्च्युएटर पण तसाच जळेल. २४ व्होल्ट एसीवर एकाच ट्रान्सफॉर्मरवरून कंट्रोलर आणि ॲक्च्युएटर चालत असतील तर सगळीकडे फेज आणि कॉमन एकसारखे जोडा, एकाचं जरी उलटं झालं तर ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज तरी जातो नाहीतर आउटपुट तरी.

व्हीएफडी पावसाळ्यात अर्थ फॉल्ट देत असेल तर मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडा, आत ओल असतेच. सप्लाय बंद करून, लॉक लावून, व्हीएफडीवर लिहिलेला वेळ थांबा कारण आतले कपॅसिटर चार्ज असतात. मग मोटरच्या वायरी व्हीएफडीवरून सोडवूनच मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावा, तसाच लावला तर व्हीएफडी गेला. १ मेगाओमच्या खाली असेल तर मोटर वाळवल्याशिवाय चालवू नका. सेन्सरच्या वायरींना मेगर कधीच नाही.

कम्युनिकेशन तुटतंय, मॉडबसवर (कंट्रोलर आणि डिव्हाइस एकमेकांशी बोलतात त्या लाइनवर) डिव्हाइस येतं जातं, तर आधी पत्ते बघा, दोघांना एकच नंबर दिलेला असतो. मग बॉड रेट आणि पॅरिटी. मग वायर: पॉवर बंद करून ए आणि बी मध्ये ओम मोजा, दोन्ही टोकांना १२० चे रेझिस्टर असतील तर ६० च्या आसपास आलं पाहिजे. १२० आलं तर एक टोक सुटलंय, ४० आलं तर कोणीतरी मधल्या डिव्हाइसवर पण टर्मिनेशन चालू केलंय. केबल एकामागून एक जाऊ दे, फांद्या काढू नका, आणि व्हीएफडीच्या पॉवर केबलच्या बरोबर एका ट्रेमध्ये नको. वळवाच्या पावसात वीज कडाडली की एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत गेलेली केबल सगळे पोर्ट मारते, तिथे सर्ज प्रोटेक्शन द्या किंवा सरळ फायबर टाका.

पॅनलमध्ये मुंग्या आणि पाली ही पण खरी कारणं आहेत. मुंग्या कॉन्टॅक्टरच्या पॉइंटमध्ये चिरडतात आणि कॉन्टॅक्ट लागत नाही. पॅनलच्या तळाची सगळी भोकं बंद करा, न वापरलेल्या ग्लँडला प्लग मारा. हीटर असेल तर तो चालू आहे का बघा, बहुतेक ठिकाणी त्याचा एमसीबी खाली असतो.

आरएच सेन्सरवर शंका असेल तर घरचं मीठ वापरा. बरणीत मीठ घ्या, ओली रेती होईल इतकंच पाणी घाला, वर तरंगणारं पाणी नको, सेन्सरचं टोक मिठाला न लागता आत सोडा आणि तोंड टेपने बंद करा. एसीच्या झोताखाली ठेवू नका, काही तास स्थिर राहू द्या. वर ७५ टक्के येतं, २५ डिग्रीला ७५.३. सेन्सर ७१ ते ७९ मध्ये असेल तर ठीक समजा, थोडा ऑफसेट देऊन काम चालतं. ८५ च्या पुढे दाखवत असेल तर बदला.

काम झालं की अलार्म मुद्दाम पाडून बघा. सेन्सरची वायर काढा, डीपीची नळी काढा, फॅनचा आयसोलेटर बंद करा, आणि हूटर वाजतो का, मोबाईलवर येतो का, वेळ बरोबर पडते का बघा. त्यानंतर मॅन्युअलमध्ये टाकलेलं सगळं ऑटोवर आणा. बॅकनेटवर (कंट्रोलर आणि स्क्रीन एकमेकांशी बोलायची दुसरी पद्धत) असाल तर ऑपरेटरचं ओव्हरराइड प्रायॉरिटी ८ वर बसून राहतं आणि शेड्यूल त्याच्या खाली असल्यामुळे कितीही बदललं तरी काही होत नाही, ते नल करून सोडायला लागतं. फोर्स केलेला व्हॉल्व्ह विसरला गेला तर पुढचा माणूस नसलेला फॉल्ट शोधत बसतो.

सेटिंगचा कागद लॅमिनेट करून पॅनलच्या दाराच्या आत चिकटवा: अलार्मचं नाव, मर्यादा, डीले, वर्ग, तारीख, आणि बदलणाऱ्याची सही. कंट्रोलरचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो पेन ड्राइव्ह पॅनलमध्ये नाही तर ऑफिसात ठेवा, जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात तळमजल्यावरचे पॅनल पाण्याखाली गेले तेव्हा आतलं सगळंच गेलं. मे च्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस काढा, सगळी झाकणं उघडा, हिरवं झालेलं कापा, हीटर चालू करा, घड्याळाच्या बॅटऱ्या बदला, डँपरच्या बुशला ग्रीस द्या, आणि फ्रेश एअरचा लूव्हर पाईप लावून धुवा. तेव्हा हॉटेलं भरलेली असतात, मालक म्हणेल आत्ता नको, तरी रात्री एकेक एएचयू घेऊन करा.